शब्दचर्चा : ऑप्टिकल स्विच म्हणजे खटका की सांधा?

उद्यमबागकर (बेळगाव):
बारावीच्या मुलांसाठी मराठीतून टिपणं लिहितोय. प्रोसेसर आणि मेमरी तांब्याच्या तारांऐवजी प्रकाशतंतूंनी (काचेच्या बारीक तंतूंनी) जोडतात, त्याबद्दल. 'ऑप्टिकल'ला प्रकाशीय लिहिलं, 'स्विच'पाशी अडलो. घरी आम्ही 'बटन' म्हणतो. 'प्रकाशीय खटका' चालेल का?

निपाणीकर:
चालेल की. मोटारीचा खटका, बंदुकीचा खटका, शब्द रुळलेला आहे.

खानापूरकर:
मला नाही पटत. खटका चालू-बंद करतो. इथं काहीच बंद करायचं नाही, वाट बदलायची आहे. आत बारीक आरसे असतात. आरसा किंचित कलला की एका तंतूतून आलेला किरण दुसऱ्या तंतूत शिरतो. रेल्वेत यालाच सांधा म्हणतात. लोंढ्याला बेळगावहून आलेली गाडी कॅसलरॉककडे जाणार की धारवाडकडे, ते सांधा ठरवतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्रॉडगेज व्हायच्या आधी पुण्याला जाताना मिरजेत उतरून, सामान उचलून दुसऱ्या गाडीत बसायला लागायचं. नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये तेच होतं : प्रकाशाची वीज करायची, माहिती कुठं जायची तो पत्ता वाचायचा, विजेचा परत प्रकाश. त्यात वेळही जातो आणि वीजही. ऑप्टिकल स्विचमध्ये प्रकाश प्रकाशच राहतो, गाडी थेट जाते.

निपाणीकर:
मग आमचं उसातलं 'दारं' का नको? पाट तोच, दारं मोडलं की पाणी दुसऱ्या सरीत.

खानापूरकर:
शब्द फार गोड आहे, मलाही मोह झाला. पण दारं धरणारा एका वेळी एकच सरी भिजवतो. गूगलच्या पॅलोमार नावाच्या स्विचला 136 वाटा आत, 136 बाहेर, आणि सगळ्या जोड्या एकदम चालू. त्यांच्या टीपीयू व्ही-4 (एआयसाठी बनवलेल्या चिपांच्या) यंत्रणेत असे 48 स्विच मिळून 4096 चिप जोडतात. ते मोठ्या जंक्शनचं यार्डच झालं.

उद्यमबागकर:
एक शंका. आरसा हलायला मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) लागतात. मेमरीतून आकडा यायला साधारण 100 नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). काचेतून प्रकाश एक मीटर जातो 5 नॅनोसेकंदांत. मग एवढा सावकाश आरसा काय कामाचा?

खानापूरकर:
म्हणूनच तर सांधा! गाडी आल्यावर सांधा बदलत नाहीत, आधी लावून ठेवतात. कोणत्या प्रोसेसरला कुठली मेमरी लागणार ते ठरवून वाट जोडायची, मग काम संपेपर्यंत ती तशीच. दर आकड्याला वाट बदलायची तर आरसे उपयोगाचे नाहीत. त्यासाठी सिलिकॉनवरचे नॅनोसेकंदात बदलणारे स्विच आहेत, पण त्यांत प्रकाश जास्त वाया जातो.

निपाणीकर:
पटलं. फक्त नुसतं 'सांधा' लिहू नका सर, मुलांना गुडघ्याचा सांधा आठवेल. शिवाय 'सांधणं' म्हणजे कायमचं जोडणं, अर्थ उलटा व्हायचा.

उद्यमबागकर:
बरोबर आहे. 'प्रकाश-सांधा' लिहितो आणि स्विचिंगला 'सांधेबदल'. प्रोसेसर, मेमरी तसेच ठेवतो, 'प्रक्रियक' इथं कुणी बोलत नाही. पहिलं वाक्य असं केलंय : 'प्रकाश-सांधा किरणाची वाट बदलतो, किरणाची वीज करत नाही.' लोंढ्याच्या यार्डाचं चित्र शेजारी काढतोय.