खाचरात आंबा लावणाऱ्यांसाठी

सडेकर: परवा इथे एकाने लिहिलं, 'कोकणाने भाताचा हट्ट सोडून आंबा-काजू लावावा, तांदूळ बाहेरून येतोच.' या गृहस्थांनी जुलैतलं खाचर, म्हणजे भाताचं बांध घातलेलं शेत, पाहिलंय का? पाणी तुंबून असतं. तिथे कलम लावलं की मुळं कुजणार. १९९० च्या रोजगार हमी योजनेतल्या फळबागा आल्या त्या वरकसात, म्हणजे हलक्या जमिनीत, उतारावर. भात सुटला की खाचरात बाग येत नाही, रान येतं. आणि 'येतोच' म्हणे! मुंबई रंगूनच्या तांदळावर विसंबली होती, १९४२ मध्ये जपान ब्रह्मदेशात घुसला आणि तो बंद झाला.

घाटमाथा: नव्वदचं सोडा, तुम्ही बेचाळीसवर गेलात! हिशोब मांडा. २०२५-२६ चा भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये, शेती गुंठ्यांत, लावणीला माणूस मिळत नाही. रेशनचा तांदूळ २०२३ पासून फुकट. चिखलात कोण उतरेल? स्वस्त मिळतं ते घ्या, तुमचंच पिकतं ते विका.

मालवणी तडका: मेल्यानू, आधी माकडांचा काय ता बोला! आमची नाचणी घरात आलीच नाही. नारळ तर कोवळेच तोडून फेकतात, खायचे नाहीत, नुसती मस्ती.

गुहागरची लेक: नारळाचं काय घेऊन बसलात, आमची कौलं फुटली. फटाक्यांना दोन दिवसांत सरावतात. रात्री डुकरं येऊन बांध उकरतात. आई पत्र्याचा डबा बडवत पडवीत जागी.

घाटमाथा: धागा माकडांवर नाही.

मालवणी तडका: तुमच्या उसात शिरली की होईल!

सडेकर: अहो, तोच तर विषय आहे. शेजाऱ्यांनी शेतं ओस टाकली, झुडपं माजली, डुकरांना घर मिळालं. मध्ये उरलेल्या एकट्याच्या भातावर सगळा कळप. शिवाय पाणी खाचरातून खाचरात उतरतं. वरच्याचा बांध फुटला की खालच्याचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाहून गेला. तुमच्या हिशोबात हे कुठे बसतं?

घाटमाथा: आवाज चढवू नका. वाडा कोलम या तांदळाला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, लोक जास्त पैसे मोजतात. तुम्ही गिरणीवर नेऊन मिळेल त्या भावात घालता. एकत्र या, कोणी अडवलंय?

सडेकर: विकण्यात आम्ही ढ, मान्य. मुंबईत बसलेले सातबाऱ्यावरचे अकरा वारसदार तुम्हीच एकत्र आणून द्या, मी तुमचा सत्कार करतो.

गुहागरची लेक: सौरकुंपण माकडांना चालतं का?

मालवणी तडका: डुकरांका चलता. माकड आंब्यावरून उडी मारता.