मदत हवी आहे : गोठ्यातल्या मिथेनचा हिशोब कसा मांडायचा? (सांगोला, जि. सोलापूर)

माळरान : 10 संकरित गायी, 6 पंढरपुरी म्हशी, सगळ्या दुभत्या. वैरण कडबा, गळीत हंगामात उसाचे वाढे. दूध संस्थेला वर्षाचं मिथेन लिहून द्यायचंय. नेटवर गाईमागे 58 किलोपासून 117 पर्यंत आकडे दिसतात, कुठला धरू? आणि गोबरगॅस बसवला की काम भागतं का?

गव्हाण : 117 पश्चिम युरोपातल्या गाईचा, तो सोडाच. 58 हा आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) 2006 च्या मार्गदर्शिकेतला भारतीय उपखंडाचा सरसकट आकडा. भारताच्या हरितगृह वायूंच्या राष्ट्रीय अहवालासाठी काढलेले आकडे जास्त जवळचे : दुभती संकरित गाय 43, दुभती म्हैस 50 किलो.

10 × 43 + 6 × 50 = 730 किलो. 28 ने गुणा, 20,440 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं झालं. (28 हा शंभर वर्षांचा गुणक, म्हणजे तेवढ्या काळात एक किलो मिथेन 28 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतं; कागदावर तसं लिहा.)

हे सगळं रवंथ-ढेकरातलं. शेणाचं मिथेन जनावरामागे 4 किलोच्या आसपास, म्हणजे दहावा हिस्साही नाही. गोबरगॅसनं गॅस सिलिंडर वाचेल, ढेकर थांबणार नाही. उलट आपल्या कोरड्या हवेत मोकळा उकिरडा कमीच मिथेन सोडतो. तेच शेण टाकीत कुजवून गॅस गळू दिला तर हिशोब वाढतो. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. तरंगती टाकी पूर्ण वर आली की जास्तीचा गॅस कडेनं बुडबुडे होऊन निघून जातो, तेव्हा रोज जाळता येईल तेवढाच प्लांट घ्या. नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून गळती बघत जा.

कडबाकुट्टी : लिटरमागे बघा, तिथं खरी गंमत आहे. गाय वर्षाला 1,500 लिटर देत असेल तर ढेकराचं मिथेन लिटरला 0.8 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं, 2,400 दिलं तर 0.5. भाकड गाय मिथेन देतच राहते, दूध शून्य. म्हणून माज चुकू न देणं हाही उपायच.

लिटरमागचा आकडा खाली आणायला वैरण नीट पचली पाहिजे, त्यासाठी वाळल्या कडब्यावर युरिया प्रक्रिया करा. 100 किलो कुट्टी, 4 किलो युरिया, 50 लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडा, तुडवून हवा काढा, प्लास्टिकनं 21 दिवस हवाबंद. कडेला फट राहिली तर अमोनिया उडून जातो आणि तिथं काळी बुरशी धरते, तेवढा भाग फेकून द्या. खायला घालण्याआधी काही तास पसरून ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना बिलकूल नको. युरियाच्या पाण्याची बादली जनावराच्या तोंडाशी राहिली तर जनावर दगावतं.

माळरान : वाढ्यांवर पण करू का?

कडबाकुट्टी : हिरव्यावर नाही. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नुसत्या वाढ्यांवर ठेवू नका. कडबा मिसळा, खनिज मिश्रण चालू ठेवा.