मदत हवी आहे: भाऊ लॉकअपमध्ये, इन्सुलिन घेऊ देत नाहीत

सीवूड्सची_ताई (रात्री ८.५०): धाकट्या भावाला दुपारी पोलीस घेऊन गेले. नवी मुंबईतलंच ठाणं. त्याला शुगर आहे. दीड तास बाकावर बसलेय. अंमलदार म्हणतात, सुई आत चालत नाही. इन्सुलिनचं पेन ओल्या रुमालात गुंडाळून डब्यातून आणलं, ते त्यांनी रजिस्टरवर ठेवलंय, तिथेच पडलंय. नियम काय आहे? लवकर सांगा.

कळवेकर: टाइप १ की २? शेवटचा डोस कधी? अटक दाखवलीय की नुसतं चौकशीला बसवलंय?

वाघबीळ: आधी जामीनदार शोधा. आमच्या मेहुण्याच्या वेळी जामीनदाराच्या कागदपत्रांत आठवडा गेला.

सीवूड्सची_ताई: जामिनाचं नाही हो विचारत!

नेरूळचे_आजोबा: एक दिवस नाही घेतलं तर काही होत नाही. मी गोळी कितीदा विसरतो. भात बंद, सकाळी कारल्याचा रस.

अनुची_आई: काका, तुमची गोळी वेगळी. माझ्या मुलीला टाइप १ आहे. अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, उपाशी ठेवलं तरी शुगर चढते. उलट्या, पोटदुखी, धाप, तोंडाला पिकल्या फळासारखा वास आला तर तडक हॉस्पिटल. ताई, टाइप कोणता?

नेरूळचे_आजोबा: कारल्याने माझी उतरली, एवढंच म्हटलं.

सीवूड्सची_ताई: टाइप १. दुपारचं राहिलं. रात्रीचं ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, दहाला असतं. अटक चारला दाखवली. मेडिकल तपासणी झाली म्हणतात.

कोर्टनाका_वकील: हे आधी सांगायचं ना! बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ५६ प्रमाणे आरोपीच्या तब्येतीची काळजी ताब्यात ठेवणाऱ्याने घ्यायची. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) हेच ५५-अ होतं. कलम ५३ ची, म्हणजे अटकेनंतरची डॉक्टरी तपासणी झाली असेल तर अहवालाची प्रत मागा, त्यात मधुमेह लिहिलाय का बघा. साध्या कागदावर अर्ज द्या: टाइप १, डोसची वेळ, सोबत प्रिस्क्रिप्शन. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. सुई आत ठेवायची नसेल तर तुमच्यासमोर टोचू द्या, नाहीतर सरकारी दवाखान्यात न्या, असं स्पष्ट लिहा.

कळवेकर: रात्री नऊला अर्ज कोण वाचतो? सरळ पीआयना (पोलीस निरीक्षकांना) भेटा.

कोर्टनाका_वकील: भेटाच, पण तोंडी बोललेलं उद्या कोर्टात कोण मानणार? २४ तासांच्या आत हजर करावंच लागतं. तिथे औषधं आणि घरचं जेवण आदेशात लिहून घ्या. वकील नसेल तर १५१०० वर फोन करा, विधी सेवा मोफत आहे. कोठडी वाढली तर दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय.

वाघबीळ: बेलापूर कोर्टाला गाडी नेऊ नका, पार्किंगमध्येच अर्धा तास जातो.

अनुची_आई: ताई, जेवणाआधीचं इन्सुलिन जेवण समोर आल्याशिवाय टोचू देऊ नका. टोचलं आणि ताट आलंच नाही तर शुगर ७० च्या खाली जाईल. ग्लुकोजची पुडी अंमलदारांकडे देऊन ठेवा. पेन बाहेर राहिल्याची काळजी नको, उघडलेलं ग्लार्जिन २८ दिवस चालतं, फक्त ऊन नको.

सीवूड्सची_ताई (१०.२०): पीआय आले. अर्ज घेतला, शिक्का दिला. भावाला बाहेर आणून टेबलापाशी बसवलं. हात इतके थरथरत होते की शुगर तपासायची पट्टी मीच धरली. ३८६. ग्लार्जिन त्याने स्वतः टोचून घेतलं. मळमळतंय म्हणाला, म्हणून दवाखान्यात नेतायत, मागच्या रिक्षात मी आहे. पट्ट्या दोनच उरल्यात. वाशीत आत्ता कुठलं मेडिकल उघडं असेल?