रील बनवायचं की माल बनवायचा?

कातर_आणि_दोरा (धागाकर्ती)

काल छोट्या उद्योजकांच्या एका ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. सार असं: रोज सोशल मीडियावर दिसला नाहीत तर पाच वर्षांत दुकान बंद. आठवड्याला पाच रील, रोज तीन स्टोरी, आणि "वेळ नाही" हे रडगाणं बंद करा. खाली टाळ्यांचा पाऊस. उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं लांबलं की इथेच धागा काढला.

मी कॅनव्हासच्या पिशव्या शिवते. अकरा वर्षं झाली, हाताखाली दोघी आहेत. गेली दोन वर्षं हे सगळं इमानेइतबारे केलं. मंगळवारी सकाळी मशीन बंद ठेवायचं, फोन तिवईवर लावायचा आणि खिडकीतला उजेड सरकायच्या आत तीस सेकंदांचं चित्रीकरण उरकायचं. कात्री कापडातून जातानाचा आवाज नीट आला नाही म्हणून चांगलं कापड पुन्हा कापलंय मी. आठवड्याचे नऊ-दहा तास यात गेले. तेवढ्या वेळात माझ्या किती पिशव्या होतात ते मला माहीत आहे.

माझ्याकडे गिऱ्हाइकांची वही आहे. तिचा शेवटचा रकाना "कुठून कळलं". गेल्या वर्षी नवी गिऱ्हाइकं ६३. ओळखीतून ४१, पाटी बघून नाहीतर प्रदर्शनातून १८, सोशल मीडियावरून ४. चार!

फेसबुकवर धंद्यांची पानं २००७ मध्ये सुरू झाली. पान लाइक केलं की पोस्ट दिसणार, अशी आपली समजूत होती. २०१२ मध्ये पैसे भरून पोस्ट पुढे सरकवायची सोय आली. जानेवारी २०१८ मध्ये तर त्यांनी जाहीरच केलं की फीडमध्ये आधी घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट, धंद्यांच्या पोस्ट कमी दिसतील. म्हणजे माणसं आपण गोळा करायची आणि त्यांच्याशीच बोलायला भाडं भरायचं. दोन-तीन माणसांच्या धंद्याला हे परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुठ्ठाबांधणी

साफ असहमत. ताई, तुमच्या पिशव्या चांगल्याच असतील, पण पिशवी सगळ्यांना लागते. शेजारणीनं शेजारणीला सांगितलं की तुमचं काम झालं. मी हातानं वह्या बांधते. अशी वही विकत घेणारी माणसं विखुरलेली असतात. माझ्या आळीत एक, तिकडे दुसऱ्या टोकाला दोन. त्यांना माझी पाटी कशी दिसणार? तोंडी प्रसिद्धीला आधी तोंडं लागतात, आणि माझ्या ओळखीतली सगळी तोंडं "एवढी महाग वही कशाला" म्हणणारी होती.

पहिले सात महिने काहीच झालं नाही. मग एक दिवस पानांची शिलाई दाखवणारा साधा व्हिडिओ टाकला. दोऱ्याला मेण लावून तो घडीतून ओढायचा, एवढंच होतं त्यात. तो कुठून कुठे गेला कळलं नाही, पण त्या आठवड्यात पुढच्या दोन महिन्यांचं काम हातात आलं. आज माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं अशी आहेत ज्यांना मी कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. तुम्हाला जमलं नाही म्हणून "छोट्या धंद्याला परवडत नाही" असा निकाल सगळ्यांच्या वतीनं देऊ नका.

पाना_पक्कड

दोघींचंही बरोबर असेल, पण माझा धंदाच वेगळा. मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मोटार जळते तेव्हा माणूस रील बघत बसत नाही, फोन काढतो आणि शोधतो. त्या वेळी नकाशावर माझं नाव, नंबर, उघडण्याची वेळ आणि चार लोकांचे अभिप्राय दिसले पाहिजेत. गुगलवरची ही नोंद फुकट आहे. काम झालं की हात पुसता पुसता गिऱ्हाइकाला सांगतो, "दोन ओळी लिहा, काय बिघडलं होतं आणि काय केलं ते लिहा." नुसते पाच तारे नकोत. "मोटार आवाज करत होती, बेअरिंग बदललं" असं कुणी लिहिलं की पुढचा माणूस नेमकं तेच दुखणं घेऊन येतो.

मला कुणी नाचायला सांगितलं तर मी दुकान बंद करून घरी बसेन.

आकडेमोड

मी छोट्या धंद्यांच्या जाहिराती चालवतो, हे आधीच सांगतो. धागाकर्तीनं केलेली चूक नव्वद टक्के लोक करतात. बूस्टचं, म्हणजे पैसे भरून पोस्ट पुढे सरकवायचं, बटण दाबलं म्हणजे जाहिरात केली असं नसतं. तुम्ही विक्री मागितली नाही तर ते यंत्र तुम्हाला लाइक आणून देतं, कारण सढळ हातानं लाइक करणारी माणसं त्याला ठाऊक असतात. जाहिरातीचा उद्देश नीट निवडा, आधीच्या गिऱ्हाइकांची यादी चढवा, त्यांच्यासारखी माणसं शोधायला सांगा. दोन वेगळे फोटो लावून बघा, चालत नाही तो बंद करा. आणि तीन महिने धीर धरा.

कातर_आणि_दोरा

नव्वद टक्के हा आकडा कुठला? बूस्टचं बटण मी दाबल्याचं कुठे लिहिलंय? जाहिरातीवर एक पैसाही घातलेला नाही, घातला तो वेळ. न वाचता औषध लिहून देऊ नका.

आणि आकडे दाखवतं कोण? जाहिरात विकणाराच. व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ बघतात हा आकडा आपण फुगवून दाखवत होतो, हे फेसबुकनं २०१६ मध्ये स्वतः कबूल केलं. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेली माणसं त्यांनी हिशेबातच धरली नव्हती. तराजू त्यांचा, मापं त्यांची, आणि माल कमी भरला तर म्हणे तुम्हाला मोजता येत नाही.

आकडेमोड

बूस्टबद्दल माझंच चुकलं, आणि नव्वद टक्के हा माझा अंदाज होता. व्हिडिओचंही खरं आहे. आणखी एक मीच सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलनं आयफोनवर "मागोवा घेऊ द्यायचा का" असं प्रत्येक ॲपला विचारायला लावलं, तेव्हापासून कुठल्या जाहिरातीनं कुठली विक्री झाली हे जुळवणं खूप अवघड झालंय. आधीइतक्या खात्रीनं मी बोलू शकत नाही. पण म्हणून जाहिरात चालतच नाही, हे मी मान्य करणार नाही.

नुसता_गिऱ्हाईक

थोडं अवांतर. मी विकत घेणारा माणूस आहे, आणि इथे सगळे विकणारेच बोलताहेत. सोशल मीडियावरून विक्री का होत नाही हे मी सांगतो. फोटो सुंदर, खाली पन्नास जणांचा एकच प्रश्न, "किंमत?", आणि पन्नास वेळा एकच उत्तर, "इनबॉक्स केलंय". का? फळ्यावर लिहायला लाज वाटते? माझं विचारून झालं की दोन दिवसांनी उत्तर येतं, तेही "नमस्कार, आपण कुठून बोलता?" असं. मी किंमत विचारली होती हो, कुळ-मूळ नव्हतं विचारलं.

चष्मा_आडवा

+१. किंमत लिहिलेली नसली की मी पुढे सरकते. विचारायचा संकोच वाटतो, आणि विचारून नको म्हणायचा त्याहून जास्त.

पुठ्ठाबांधणी

मी किंमत लिहीत नाही, आणि त्याला कारण आहे. प्रत्येक वही वेगळी असते. कागद कुठला, पानं किती, पाठ कापडाची की चामड्याची, यावर सगळं ठरतं. एक आकडा लिहिला की सगळे तोच धरून बसतात. शिवाय मागे एकदा किंमत लिहिली होती. आठ दिवसांत माझाच फोटो लावून दुसऱ्या कुणीतरी कमी किमतीत विकायला काढली. फोटोत माझ्या टेबलावरचा डाग तसाच दिसत होता. मी काय करायचं होतं?

नुसता_गिऱ्हाईक

फोटोवर नाव घाला. चोरी फोटोची झाली, तिची शिक्षा गिऱ्हाइकाला का? आणि "प्रत्येक वही वेगळी" हे कारण झालं. "अमुकपासून पुढे" एवढं तरी लिहाल की नाही?

खरं कारण मी सांगतो. किंमत लपवली की लोक खाली विचारतात, प्रतिक्रिया वाढतात आणि पोस्ट पुढे जाते. हे शिकवणारे वर्ग आहेत, मी स्वतः बघितलेत. दुसरं कारण म्हणजे समोरच्याचं प्रोफाइल बघून आकडा सांगायचा. एकाच वस्तूची मला एक किंमत आणि माझ्या बहिणीला दुसरी सांगितलेली आहे, तीही एकाच दुपारी.

पुठ्ठाबांधणी

जरा तोंड सांभाळून बोला. तुम्हाला फसवलं असेल त्या दुकानदाराला जाऊन विचारा. मी कुणाचं प्रोफाइल बघून किंमत सांगितलेली नाही. रात्री अकरा वाजता एकेकाला कागदाचे नमुने समजावून सांगते, त्यातले दहातले आठ पुढे काही बोलतही नाहीत. तरी उद्या पुन्हा सांगते.

नुसता_गिऱ्हाईक

ते आठ जण आकडा ऐकूनच गप्प झाले असतील. आधी लिहिला असता तर आलेच नसते. तुमची रात्र वाचली असती आणि त्यांची लाजही.

पाना_पक्कड

मोटार उघडल्याशिवाय मीही किंमत सांगू शकत नाही. हे ऐकून लोक चिडतात.

नुसता_गिऱ्हाईक

मग उघडून बघायचे किती ते लिहा. तेवढंच हवं असतं दादा.

पाना_पक्कड

हं. ते लिहिता येईल. कधी सुचलं नव्हतं.

सांजवेळ

किंमतीवरून बराच धुरळा उडाला, म्हणून मूळ विषयाकडे येते. मी चित्रकलेचे वर्ग घेते. एका ॲपवर माझे नऊ हजार फॉलोअर होते, पाच वर्षांत जमलेले. एका सकाळी खातं उघडेना. "नियमांचा भंग" एवढंच लिहून आलं, कुठला नियम ते नाही. अर्ज केला तर यंत्राचं उत्तर, पुन्हा अर्ज केला तर तेच उत्तर. खातं परत मिळालं नाही. रडले. पण खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. नऊ हजारांपैकी किती जणांचे नंबर माझ्याकडे आहेत ते बघितलं, तर बावीस.

ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गुगल प्लस २०१९ मध्ये. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सहाएक तास बंद होती. ज्यांचा सगळा धंदा तिथेच होता त्यांनी ते तास कसे काढले असतील? पुठ्ठाबांधणी, तुमचं छान चाललंय याचा आनंद आहे. पण आजच्या आज गिऱ्हाइकांचे नंबर एका कागदावर उतरवून घ्या. मी हात जोडून सांगतेय.

पुठ्ठाबांधणी

हे वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडे फक्त पत्ते आहेत, तेही पार्सलच्या पावत्यांवर. या आठवड्यात बसते. यापुढे पार्सलमध्ये चिठ्ठी घालीन, नंबर कळवा म्हणून.

धागाकर्ती ताईंना एक प्रश्न मात्र राहिलाय. तुमच्या वहीत "ओळखीतून" ४१ जण आहेत. त्यांना नेमकं कळलं कसं? मैत्रिणीनं तोंडानं सांगितलं, की तुम्ही टाकलेला फोटो पाठवून सांगितलं? दुसरं असेल तर तुमचा चार हा आकडा खोटा आहे.

कातर_आणि_दोरा

आकडा खोटा वगैरे म्हणायची गरज नव्हती. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आज दुपारी त्या ४१ पैकी सात जणींना फोन केला. चौघींना कुणीतरी फोटो पाठवला होता. तिघींना तोंडी सांगितलेलं.

तेव्हा हे मला मान्य करावं लागतंय. आनंदानं करत नाहीये. फोटोंनी काम केलं होतं आणि मी ते वेगळ्याच रकान्यात लिहीत होते. पण त्या चौघींकडे गेलेला एकही फोटो रीलमधला नव्हता. तीन माझ्या व्हॉट्सॲप स्टेटसवरचे, दरवाज्याजवळ पिशवी टांगून काढलेले साधे फोटो, ज्यांना माझी दोन मिनिटंही लागली नसतील. चौथा एका गिऱ्हाइकानं स्वतः काढलेला, पिशवीत पुस्तकं भरलेली असताना. म्हणजे माझे मंगळवार वाया गेलेच.

आता ठरवलंय ते असं. रील बंद. पानावर महिन्याला एक फोटो, नुसतं दुकान चालू आहे हे कळावं म्हणून. स्टेटसवर तयार झालेली प्रत्येक पिशवी, किंमतीसकट (गिऱ्हाईकदादा, हे तुमच्यामुळे). आणि ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच निरोप यादीतल्या प्रत्येकाला वेगळा पाठवायची व्हॉट्सॲपची सोय. त्यात एका यादीत २५६ च नंबर मावतात, आणि ज्यांनी माझा नंबर फोनमध्ये ठेवलाय त्यांनाच निरोप पोचतो. पण मला तेच बरं वाटतं. ज्यानं माझा नंबर ठेवला त्याला मी हवी आहे.

त्या ग्रुपवरच्या पोस्टशी मात्र अजूनही अजिबात सहमत नाही. "रोज दिसा" म्हणणाऱ्यानं एक तरी पिशवी शिवून दाखवावी.

पुठ्ठाबांधणी

रीलबद्दल असहमत ते असहमतच, माझा धंदा त्यावर उभा आहे. पण "अमुकपासून पुढे" हे उद्या लिहून बघते. महिनाभर बघेन, काम कमी झालं तर काढून टाकेन आणि इथे येऊन सांगेन.

तो रकाना गिऱ्हाइकाला विचारून भरता की अंदाजानं?

कातर_आणि_दोरा

विचारून. पैसे देताना विचारते, पिशवी हातात असते तेव्हा. नंतर फोन करून विचारलं तर निम्म्यांना आठवत नाही. आणि आजपासून एक रकाना वाढवलाय: "सांगितलं की दाखवलं".