मालकाने तुमचा संघ तुमच्यापासून तोडला का? बेसबॉलवेड्यांनो, लिहा

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

धागा मी काढतेय, तर आधी माझंच सांगते.

लग्न होऊन इथे आले तेव्हा क्रिकेट सुटलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी ओकलंड ॲथलेटिक्सची दोन तिकिटं दिली. बार्ट या लोकल ट्रेनमधून उतरून कोलिझियमचा, म्हणजे त्यांच्या मैदानाचा, तो लांब पूल चालायचा, आत गेलं की उजव्या बाजूच्या बाकांवरून ढोल ऐकू यायचे. मी तिथेच अडकले. ४ सप्टेंबर २००२ ला मला पाचवा महिना होता. आपले ११-० ने पुढे, आणि बघता बघता ११-११! नवव्या इनिंगमध्ये आपल्या हॅटेबर्गने होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला, सलग विसावा विजय. शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी मला मिठी मारली आणि मग घाबरून पोटाकडे बघितलं.

त्या पोटातला मुलगा अकरा वर्षांचा असताना त्याला आमच्या संघातल्या डोनाल्डसनच्या नावाचा शर्ट घेतला. २०१४ च्या सीझननंतर डोनाल्डसनला टोरंटोला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी तो तिकडे अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लेकाने शर्ट घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला. तेव्हापासून आमच्या घरात पाठीवर नाव असलेला शर्ट आला नाही. मग आणखी एक खेळाडू, सेमियन गेला. २०२२ च्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात ओल्सन आणि चॅपमनही गेले. पोरं तयार करायची आणि पगार द्यायची वेळ आली की घालवायची. वर म्हणायचं, ओकलंडला प्रेक्षक येत नाहीत.

१३ जून २०२३ ला आम्ही येऊन दाखवलं. त्या सीझनमध्ये संघ ११२ सामने हरला, पण त्या मंगळवारी २७,७५९ माणसं होती. निम्म्याहून जास्त अंगांवर हिरवे शर्ट आणि छातीवर एकच शब्द: ‘विका’. पाचव्या इनिंगला सगळं मैदान एका बॅटरपुरतं गप्प उभं राहिलं आणि मग ‘संघ विका’ची गर्जना झाली. माझा घसा दोन दिवस बसला होता. त्याच दोन दिवसांत नेवाडाच्या गव्हर्नरने, मालकाला संघ जिथे हलवायचा होता त्या लास वेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी पैशाच्या विधेयकावर सही केली. नोव्हेंबरमध्ये लीगच्या सगळ्या मालकांनी एकमताने स्थलांतराला होकार दिला. तीसपैकी एकालाही आमची बाजू घ्यावीशी वाटली नाही, हे मला अजून सहन होत नाही.

पिट्सबर्ग

ताई, वाचून गलबलून आलं. आमचा संघ गाव सोडून गेला नाही, पण दुखणं तेच. आमचे पायरट्स १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन जिंकलेल्यांपेक्षा जास्त सामने हरले. माझ्या मुलीने शाळा संपवली तोवर तिला चांगला सीझन माहीतच नव्हता.

लोक विचारतात, हरून मालकाचं नुकसान होत नाही का? फारसं होत नाही. टीव्हीच्या राष्ट्रीय कराराचा पैसा तिसही संघांना सारखा मिळतो. कमी कमाईच्या संघांना श्रीमंत संघांकडून वाटा येतो तो वेगळाच. शेवटचे आलात म्हणून खालच्या लीगमध्ये कुणी ढकलत नाही. पगार कमी ठेवला की पैसे उरतात, आणि संघाची किंमत तर वाढतच राहते.

२०१३ च्या प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) आम्ही दोघं मैदानात होतो. सगळं गाव काळ्या कपड्यांत. सिनसिनाटीचा पिचर (चेंडू टाकणारा) क्वेटोच्या नावाचा एकसुरात गजर चालू होता, आणि त्याच्या हातून चेंडू खाली पडला! पुढच्याच चेंडूवर आमच्या मार्टिनने होमरन ठोकला. ‘बाबा, हे असं असतं?’ लेकीने विचारलं. पाच वर्षं झाली नाहीत तोच आमचा लाडका मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला गेला.

सॅक्रामेंटो

ॲथलेटिक्स २०२५ पासून आमच्या इथे, नदीपलीकडच्या मायनर लीगच्या (खालच्या पातळीच्या लीगच्या) छोट्या मैदानात खेळतात. नावात गावच नाही, नुसतं ‘ॲथलेटिक्स’. वेगासचं स्टेडियम होईपर्यंतचा मुक्काम. एकदा पुतण्याला घेऊन गेलो, गवताच्या उतारावर चादर टाकून बसलो. पुढच्या जोडप्याने ओकलंडच्या जुन्या टोप्या घातल्या होत्या. दोघंही एकदासुद्धा टाळी वाजवायला उठले नाहीत, आणि सामना संपेपर्यंत हललेही नाहीत. मी परत गेलो नाही.

मॉन्ट्रियल

१९९४ ला आमचे एक्स्पोज ७४ विजय, ४० पराभव असे होते, सगळ्या लीगमध्ये अव्वल. खेळाडूंचा संप झाला, सीझन बुडाला. पुढच्या एप्रिलमध्ये काही दिवसांत चार मोठे खेळाडू गेले, आणि २००४ नंतर संघच गेला. मेट्रोत आजही त्या टोप्या दिसतात. विशीतली मुलं घालतात, ज्यांनी एकही सामना पाहिलेला नाही. बघून बरंही वाटतं आणि पोटात तुटतंही.

सॅक्रामेंटो

ताई, आता कोणता संघ बघता?

फ्रीमाँट

कोणताच नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला कोलिझियममधला शेवटचा सामना आपण ३-२ ने जिंकला. ४६,८८९ लोक होते, आम्ही तिघंही होतो. लेक कितीतरी वेळ खुर्चीच्या हाताला धरून बसला होता. मैदानावरची थोडी माती मिळाली, ती स्टीलच्या डबीत आहे. यंदा एप्रिलमध्ये भाजी चिरताना रेडिओ लावला, तर ओळखीच्या पोराचं नाव ऐकू आलं. हात बंद करायला गेला, पण रेडिओ इनिंग संपेपर्यंत चालू राहू दिला.