नोकरी करणारी आई आणि तिची सहायक: आईला शिक्षा न देता रहस्य कसे टिकवावे?

शब्दसखी

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक कौटुंबिक रहस्यकादंबरी लिहीत आहे. ती २०१९ मधल्या पुण्यात, बाणेरच्या एका कंपनीत आणि औंधच्या एका सदनिकेत घडते. नायिका वैदेही कंपनीच्या खरेदी विभागाची प्रमुख असून पहिल्या बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच कामावर परतली आहे. तिची सहायक ऋता ही साताऱ्याहून आलेली, सव्वीस वर्षांची, अतिशय कामसू मुलगी आहे. रजेच्या काळात ऋताने वैदेहीचे टेबल सांभाळले आणि आता ती तिचे घरही सांभाळू लागली आहे. बाळाच्या लसीची तारीख, सासूबाईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ, नवऱ्याचे विमानाचे तिकीट, सगळे ऋताच्या वहीत असते. कादंबरीच्या शेवटी एका संध्याकाळी बाळ आणि ऋता दोघेही दिसेनासे होतात.

पहिला खर्डा मी दोन मैत्रिणींना वाचायला दिला. एकीने तिसऱ्या प्रकरणातच ओळखले की काळेबेरे करणारी ऋताच आहे. दुसरी स्वतः बाळाला पाळणाघरात ठेवून नोकरी करते. तिने वही मिटली आणि शांतपणे विचारले, "म्हणजे हिने घरीच बसायला हवे होते, असेच ना?" हा प्रश्न गेले सहा महिने माझ्या मनातून जात नाही, कारण मला नेमके तेच म्हणायचे नव्हते. माझी आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीन पाळ्यांत काम करीत असे, आणि गळ्यात किल्ली अडकवून शाळेतून घरी येणारी मी त्या किल्लीचा अभिमान बाळगत वाढले. वाचकाला आधीच सुगावा लागला तरी रहस्य कसे टिकवावे, आणि आईने नोकरी केली म्हणून तिच्यावर संकट आले असा अर्थ कथेतून निघू नये यासाठी काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नीरक्षीर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लैला स्लिमानी या मोरोक्कोत जन्मलेल्या फ्रेंच लेखिकेच्या कादंबरीत सापडेल असे वाटते. ती २०१६ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी तिला गोंकूर हा फ्रान्समधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला, आणि इंग्रजीत ती 'लल्लबाय' या नावाने उपलब्ध आहे. पॅरिसमधली मिरियम ही वकील दोन मुलांमुळे घरात अडकलेली असते. ती पुन्हा काम सुरू करते आणि मुलांसाठी लुईज नावाची बाई ठेवते. बाळ मारले गेले आहे हे पहिल्याच पानावर कळते आणि कोणी मारले हेही लपवलेले नाही. तरीही मी ते पुस्तक एका रात्रीत वाचून काढले, कारण लुईजने असे का केले आणि ती त्या टोकाला जात असताना कोणाच्या लक्षात कसे आले नाही, हे दोन प्रश्न वाचकाला सोडत नाहीत. तुमच्या मैत्रिणीने तिसऱ्या प्रकरणात ओळखले हा दोष मानू नका. पहिल्याच पानावर ते सांगून टाकण्याचा विचार करा.

त्या कादंबरीतला एक प्रसंग मला विसरता येत नाही. शिळी होत आलेली कोंबडी मिरियम कचऱ्यात टाकते, आणि संध्याकाळी घरी येऊन पाहते तो त्याच कोंबडीचा हाडांचा सापळा स्वच्छ करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेला असतो. कोणी आवाज चढवत नाही, कोणाच्या हातात सुरी नाही, आणि तरी त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईच्या पोटात गोळा येतो तसा तो आपल्याही पोटात येतो. टाकून देणे परवडणारे घर आणि काहीही टाकून देणे न परवडणारी बाई यांच्यातले अंतर त्या हाडांत दिसते. लुईजच्या डोक्यावर कर्ज आहे, तिला स्वतःचे म्हणावे असे घर नाही, आणि दुसऱ्यांच्या घराशिवाय तिला कोणी नाही. म्हणूनच त्या कादंबरीत आईच्या नोकरीला मी दोषी धरू शकले नाही. तुमच्या ऋताला साताऱ्याखेरीज काय आहे? ती कुठे राहते, रात्री कोणाशी बोलते, तिचा पगार किती तारखेपर्यंत पुरतो? तुमच्या प्रश्नात ऋताच्या वहीतल्या सगळ्या नोंदी वैदेहीच्या आहेत. ऋताची स्वतःची एकही नाही.

रातवाचक

माझे मत थोडे वेगळे आहे. सहायकेचे दुःख इतके समजावून सांगितले की रहस्यकादंबरीची सामाजिक कादंबरी होते, आणि मध्यरात्री दिवा लावून वाचणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाचा त्यात विरस होतो. ऋताने जे केले ते तिने जाणूनबुजून केले असले पाहिजे. तिची बाजू जरूर दाखवा, पण तिच्या हातून घडलेले कृत्य परिस्थितीच्या खात्यावर टाकू नका.

जुनी_फाईल

मी एकोणीस वर्षे वरिष्ठ अधिकाऱ्यांची सहायक म्हणून काम केले आहे, त्यातली आठ वर्षे एकाच बाईंकडे. त्यामुळे ऋताच्या खुर्चीत बसून चार गोष्टी सांगते.

सहायकेला घरात शिरण्यासाठी कपट करावे लागत नाही, कारण किल्ल्या तिच्या हातात आपण होऊन दिल्या जातात. बाईंच्या मेलचा आणि कॅलेंडरचा ताबा माझ्याकडे होता, तिकिटांच्या वेळी त्यांचा फोन माझ्या टेबलावर असे म्हणून ओटीपी मीच वाचत असे, कुरिअरच्या पावत्यांवर त्यांच्या नावाची सही मी करीत असे, आणि त्यांच्या मुलाला शाळेतून न्यायला परवानगी असलेल्यांच्या यादीत चौथे नाव माझे होते. एखाद्याच्या वतीने मेल पाठवण्याची जी सोय असते तिच्यात पाठवणाऱ्याच्या नावापुढे 'अमुक यांच्या वतीने' अशी ओळ उमटते, परंतु थेट त्यांच्या नावाने पाठवण्याचा अधिकार दिलेला असेल तर ती ओळ येत नाही. पहिल्या अधिकारावरून ऋता दुसऱ्यावर कधी गेली, आणि ते कोणी मंजूर केले, एवढ्यावर तुमचे एक अख्खे प्रकरण उभे राहील.

आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. एकदा परदेशी ग्राहकांची बैठक लावताना मी बाईंच्या कॅलेंडरमधली शाळेच्या स्नेहसंमेलनाची नोंद पुढच्या आठवड्यात सरकवली. ती निव्वळ माझी चूक होती. त्यांचा मुलगा त्या दिवशी झाड झाला होता. पुठ्ठ्याचा हिरवा मुकुट घालून तो पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची पाहत राहिला, असे त्याच्या वर्गशिक्षिकेने फोनवर सांगितले. बाईंनी चूक स्वतःची मानली. मला त्या म्हणाल्या, "माझेच लक्ष नव्हते." मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी मी मुलासाठी रंगांची पेटी नेली, त्याने मला मिठी मारली, बाईंचे डोळे भरून आले आणि त्या दिवसापासून शाळेच्या सगळ्या तारखा त्यांनी माझ्याकडे सोपवल्या. माझ्या चुकीमुळे माझ्यावरचा विश्वास वाढला होता, आणि खरे सांगायचे तर मला ते सुखावून गेले होते. त्या सुखाची मला आजही भीती वाटते. ऋता वाईट मुलगी असण्याची गरज नाही. तिच्या पहिल्या चुकीचे बक्षीस तिला मिळाले, एवढे पुरेसे आहे. दुसरी चूक मात्र तिने जाणूनबुजून करावी, म्हणजे रातवाचक यांचे समाधान होईल आणि माझेही.

पक्षकार

मी कामगार कायद्यात वकिली करते. कादंबरी २०१९ मधली आहे, म्हणजे १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि त्याची २०१७ ची दुरुस्ती वैदेहीला लागू होते. पहिल्या बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा, त्यातली प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त ८ आठवडे, हे तिच्या हक्काचे आहे. कलम १२ नुसार या रजेच्या काळात किंवा या रजेमुळे तिला कामावरून काढणे, तसेच तिच्या सेवाशर्ती तिला प्रतिकूल होतील अशा बदलणे बेकायदेशीर आहे. त्यामुळे "परत आली तर तिच्या खुर्चीवर ऋता बसलेली होती" असा प्रसंग लिहिला असेल तर तो काढा. खुर्ची तशीच असते, पाटीही तीच असते, पण निर्णय विचारायला लोक शेजारच्या टेबलाकडे वळतात. अशी प्रकरणे माझ्याकडे येतात तेव्हा कागदावर सिद्ध करता येईल असे फार थोडे हाती लागते.

तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल अशी तरतूद मात्र दुसरीच आहे. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय करणे २०१७ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले, आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. या ४ भेटींमध्ये तिची विश्रांतीची सुट्टीही धरलेली आहे, म्हणजे जेवायचे की बाळाला पाहायचे ही निवड तिला रोज करावी लागू शकते. ताई, तुमचे बाळ औंधच्या घरात कशाला ठेवता? त्याला कंपनीच्या तळमजल्यावर आणा. वैदेही चौथ्या मजल्यावर बैठकीत अडकलेली असेल आणि तिची चौथी भेट ऋता घेऊन येईल. आधी एखाद्या दिवशी, मग रोज. तिची भेट हुकते ती बैठकीची वेळ ठरवणाऱ्यांमुळे, हे त्या प्रसंगातच वाचकाला दिसेल आणि तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाला निराळे उत्तर द्यावे लागणार नाही.

शब्दसखी

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल रात्री पक्षकार यांचा प्रतिसाद वाचला आणि पहाटेपर्यंत लिहीत बसले. औंधची सदनिका जवळजवळ सगळी काढून टाकली. आता कादंबरी पाळणाघराच्या दारातल्या नोंदवहीपासून सुरू होते: तारीख, वेळ, भेटणाऱ्याचे नाव, बाळाशी नाते, सही. बाळ नाहीसे झाले हे पहिल्याच पानावर सांगून टाकले आहे आणि पुढचे सगळे त्या वहीच्या पानांतून मागे मागे जात उलगडते. चार वाजताची बैठक कोण लावते याचाही शोध वैदेही घेते, आणि दर वेळी ती वेळ ऋताने सुचवलेली व वरिष्ठांनी आनंदाने मान्य केलेली निघते.

एका ठिकाणी मात्र अडले आहे. चौथ्या भेटीच्या ओळीत ऋता 'नाते' या रकान्यात काय लिहील? पहिल्या आठवड्यात 'आईची सहायक' असे लिहिले आहे. नंतर नुसते 'सहायक'. त्यापुढे तो रकाना मोकळा सोडावा असे वाटते, पण मोकळ्या रकान्यात पुरेसा धाक उतरत नाही.

जुनी_फाईल

मोकळा सोडू नका. कुरिअरच्या पावत्यांवर वर्षानुवर्षे सही केलेला माझा हात मला ठाऊक आहे. बाईंच्या नावातली वेलांटी त्यांच्याहून मी सफाईने काढत असे. ऋता 'नाते' या रकान्यात 'आई' लिहील आणि पुढे वैदेहीची सही करील, सुरुवातीला कदाचित वैदेहीच्या नावापुढे भेट चुकल्याचा शेरा लागू नये म्हणूनच. पुढे पोलीस ती वही उघडतील तेव्हा वैदेही रोज चारही वेळा बाळाकडे गेली होती असेच त्यात दिसेल, आणि मी तिथे गेलेच नव्हते हे वैदेहीला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागेल.