सगळं करून झालं तरी बंड्याच्या गोचिड्या जात नाहीयेत, कुठे चुकतंय?

बंड्याची_आई:
नमस्कार मंडळी. आमचा कुत्रा बंड्या गावठीच आहे, तीन वर्षांचा, वजन अठरा किलो. आम्ही साताऱ्याजवळ राहतो, घर जुनं दगडी, पुढचा भाग फक्त नंतर बांधलेला, आणि भिंतीला लागून शेजाऱ्यांचा गोठा. मार्चपासून त्याला गोचिड्या होतायत. आधी शाम्पू झाला, मग पावडर झाली, कडुनिंबाचा पाला उकळून अंघोळ झाली, रोज रात्री मी आणि मुलगी टॉर्च घेऊन बसतो आणि कानाच्या आतून, पायाच्या बोटांच्या बेचक्यातून एकेक काढतो, एका रात्री तर चाळीसच्या वर निघाल्या. मग मानेवर टाकायचं ते औषधसुद्धा आणलं, टाकलं, दुसऱ्या दिवशी त्याला स्वच्छ अंघोळ घातली, आठवडाभर बरं वाटलं आणि परत तेच. काल फ्रिजमागच्या भिंतीवर खसखशीएवढे बारीक किडे वर चढताना दिसले, आधी वाटलं कोळ्याची पिल्लं असतील, नीट बघितलं तर गोचिड्याच. अक्षरशः रडू आलं. गोठ्यातून येत असतील का? शेजाऱ्यांशी यावरून एकदा बोलाचाली पण झालीय. काय करू सांगा ना कुणीतरी.

पांढऱ्या_पायांचा_शेरू:
ताई, आधी शेजाऱ्यांशी समेट करा. जनावरांना ज्या होतात त्या बहुतेक वेगळ्या जातीच्या असतात, कुत्र्याची ती तपकिरी गोचीड वेगळी, आणि ती घरातच वाढते. तुमच्या फ्रिजमागे दिसलं ना तेच मूळ आहे. माझ्याकडे दोन वर्षं हेच चालू होतं म्हणून सविस्तर लिहितो.

ही गोचीड जन्मभर कुत्र्यावर राहत नाही. अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, ते कुत्र्यावर चढून रक्त पितं आणि खाली पडतं, फटीत जाऊन कात टाकतं, आठ पायांचं होऊन परत चढतं, परत पडतं, मग मोठी होऊन तिसऱ्यांदा चढते. मादी रक्त पिऊन वाटाण्याएवढी करडी फुगते ती शेवटची खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या मागे, फोटोच्या फ्रेममागे दोन-चार हजार अंडी घालते. यांना वर चढायची सवय असते, म्हणून फक्त फरशी पुसून काही होत नाही, छताच्या कडेपर्यंत बघावं लागतं. आणि मोठी गोचीड उपाशी महिनोन्महिने राहू शकते, म्हणजे कुत्र्याला आठ दिवस मामाकडे ठेवलं तरी ती वाट बघत बसते. तुम्ही रोज रात्री ज्या काढताय त्या फक्त त्या दिवशी जेवायला आलेल्या, बाकीची पंगत भिंतीत आहे.

दुसरं म्हणजे ते मानेवरचं औषध. ते कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं, त्यामुळे टाकायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. तुम्ही दुसऱ्याच दिवशी घातलीत, औषध पसरायच्या आधीच धुतलं गेलं असणार.

आता घराचं. दगडी भिंतीतल्या भेगा सिमेंटने बुजवा, कोपरे न् चौकटी व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि ती पिशवी लगेच बाहेर नेऊन जाळा, बंड्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात टाका. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवून गोचिडीसाठीच म्हणून सांगून फटींमध्ये फवारणी करून घ्या, आणि पंधरा दिवसांनी परत, कारण अंड्यांवर पहिल्या फवारणीचा भरवसा नाही. सुकेपर्यंत बंड्या बाहेर. हे सगळं सुरू केल्यावरही मला पूर्ण बंद व्हायला चार महिने लागले, तेव्हा महिन्याभरात हात टेकू नका.

गावाकडचा_अण्णा:
आमच्याकडे रॉकेलचा बोळा लावतात, गोचीड आपोआप सुटते. किंवा विझलेली काडी टेकवायची.

प्लेटलेट_बावीसहजार:
अण्णा, राग मानू नका पण हे कृपा करून कुणी करू नका. रॉकेल न् चटका दिला की ती सुटायच्या आधी पोटातलं उलट चाव्याच्या जखमेत ओकू शकते आणि कातडी भाजते ती वेगळीच. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, कातडीला अगदी टेकवून तोंडाजवळ धरायची आणि पिळ न देता सरळ वर ओढायची. ताई, नखाने चिरडत असाल तर तेही बंद करा, झाकणाच्या बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात टाका.

माझं नाव असं का ठेवलंय ते सांगते. आमची जर्मन शेफर्ड होती, राणी. ऑगस्टमध्ये दोन दिवस जेवली नाही, आम्हाला वाटलं पावसाने कंटाळलीय. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात रक्ताचे थेंब दिसले, नाकातून येत होतं. रक्त तपासलं तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, बावीस हजार, असायला हव्यात दोन लाखांच्या आसपास तरी. एर्लिकिया नावाचा रोग निघाला, गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि जर्मन शेफर्डमध्ये तो जास्त वाईट जातो हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. अठ्ठावीस दिवसांच्या डॉक्सीसायक्लिनच्या (अँटिबायोटिक) गोळ्या लिहून दिल्या होत्या, नवव्या दिवशी गेली. अंगावर तेव्हा मोजून तीन गोचिड्या होत्या. तीनच. म्हणून कुणी म्हणालं ना की एखाद-दुसरी आहे, चालतं, तर मला राहवत नाही.

ताई, उद्या सकाळीच बंड्याचा ओठ वर करून हिरड्या बघा, गुलाबी हव्यात. पांढुरक्या वाटल्या, ताप असला, जेवण सोडलं, किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर तो बबेसिया, म्हणजे गोचिडीतूनच होणारा रक्ताचा दुसरा रोग, असू शकतो, त्याची औषधं वेगळी असतात, संध्याकाळची वाट न बघता दवाखाना. आणि काही दिसत नसलं तरी इतक्या महिन्यांच्या गोचिड्यांनंतर एकदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करून घ्याच.

पांढऱ्या_पायांचा_शेरू:
प्लेटलेटताई, राणीचं वाचून वाईट वाटलं. बंड्याच्या आई, अजून एक, गोचिडी मारणाऱ्या खायच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. फ्लुरालानेरची एक गोळी बारा आठवडे चालते, अफॉक्सोलानेर किंवा सॅरोलानेरची महिन्याला एक. वजनावर असते, अंदाजाने अर्धी-पाव तोडून द्यायची नाही. बंड्याला कधी फिट आली असेल तर मात्र आधी सांगा, या गोळ्या तशा कुत्र्यांना जपून देतात. आणि गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसली म्हणून औषध नकली असं समजू नका, ती चावून रक्त प्यायल्यावरच मरते. उलट चांगलंच आहे, बंड्याच फिरता सापळा होतो, भिंतीतली जी चढेल ती मरेल. घरात मांजर आहे का? असेल तर कुत्र्याचं कुठलंही औषध तिला लावू नका, परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं तर मांजरीच्या जिवावर बेततं.

काजूवाला_दोडामार्ग:
आमच्या भागातलं थोडं. इथे दोडामार्गात 2016 पासून माणसांना होणारा माकडताप आलाय, तोच जो 1957 मध्ये शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात सापडला. तो रानातल्या वेगळ्या गोचिडीतून येतो, घरातल्या नाही, पण काजूच्या दिवसात कुत्रं आपल्याबरोबर रानात येतं आणि अंगावर ती घेऊन परत येतं. म्हणून मी फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत कुत्र्याला ओटीवर घ्यायच्या आधी अंगणातच हात फिरवून बघतो, हातमोजा घालून, शेपटीच्या खाली आणि पट्ट्याच्या आत पण. पट्टा काढूनच बघा, तिथे हमखास असतात. कोकणात, गोव्यात सत्तरीकडे कुणी असेल तर मेलेलं माकड दिसल्यास कुत्र्याला तिकडे जाऊ देऊ नका आणि आरोग्य केंद्रात कळवा.

बंड्याची_आई:
सगळ्यांचे खूप आभार, प्लेटलेटताई तुमच्या राणीचं वाचून रात्री झोपच लागली नाही. सकाळी हिरड्या बघितल्या, गुलाबी आहेत, तरी दवाखान्यात नेऊन रक्त दिलं. प्लेटलेट एक लाख दहा हजार. डॉक्टर म्हणाले लवकर आणलंत. डॉक्सी सुरू केलीय, रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते म्हणून साध्या भातात, आणि गोळीसुद्धा दिली बारा आठवड्यांची. मांजर नाही आमच्याकडे.

संध्याकाळी यांनी फ्रिज बाजूला ओढला, मागच्या दगडाच्या फटीत सुरी घातली तर तपकिरी अंड्यांचा पुंजकाच निघाला, साबुदाण्यासारखा चिकट, त्यावर गोचिडीचं वाळलेलं अंग. शेजारचे काका स्वतःच सिमेंटचं घमेलं घेऊन आले, आता दोन खोल्या बुजवून झाल्यात, देवघराची भिंत राहिलीय ती उद्या.

प्लेटलेट_बावीसहजार:
आठ दिवसांनी परत सीबीसी करा आणि आकडा इथे टाका. मी वाट बघतेय.